सड्यावरचे शहर, कागदावरचे गाव

ऑगस्ट 2019 मध्ये, भर पावसाळ्यात, पणजी शहर आणि तिसवाडी व फोंडा तालुक्यांतील मोठा भाग कित्येक दिवस नळाच्या पाण्यावाचून राहिला. खांडेपार येथे महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम चालू असताना माती खचली आणि ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाहून राजधानीकडे येणारी मुख्य जलवाहिनी फुटली. छपरांवरून पागोळ्या कोसळत होत्या, मांडवी दुथडी भरून वाहत होती आणि माणसे टँकरमागे कळशा घेऊन धावत होती. वर्षाकाठी सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशाच्या राजधानीत असे घडावे याचे तेव्हा सर्वांनाच नवल वाटले. पुढे जलवाहिनी दुरुस्त झाली, गणेशचतुर्थीची चवथ तोंडावर आली आणि नवल ओसरले.

त्यानंतर जी चर्चा झाली ती समांतर जलवाहिनीची, नव्या जलशुद्धीकरण प्रकल्पाची आणि वाढीव एमएलडीची, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरांची. गोव्यात पाण्याविषयी बोलायचे म्हणजे एमएलडीविषयी बोलायचे, अशी आपल्याला सवयच जडली आहे. ओपाच्या प्रकल्पाला इतके, अस्नोड्याच्या तितके, साळावलीच्या त्याहून जास्त. आकडा वाढला की प्रश्न सुटला असे आपण धरून चालतो. मला मात्र गेली काही वर्षे वाटत आले आहे की आपली खरी वानवा हिशेबाची आहे. शहरात किती पाणी शिरते, त्यातले किती नळापर्यंत पोचते, जमिनीखालून किती उपसले जाते आणि सांडपाणी होऊन किती कुठे जाते, हे चार आकडे एका पानावर मांडलेले कोणी दाखवले तर मी त्याची आभारी होईन.

हे पान कोणी लिहीत नाही, याचे एक कारण गोव्याच्या शहरीकरणाच्या विचित्र घडणीत आहे. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्यातील 62 टक्क्यांहून अधिक लोक शहरी भागात राहत होते आणि देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. मात्र त्या जनगणनेने गोव्यात जी 70 शहरे मोजली, त्यांपैकी नगरपालिका किंवा महापालिका असलेली अवघी 14 होती. उरलेली 56 जनगणनेपुरती शहरे. त्यांचा कारभार ग्रामपंचायतीकडेच. कळंगुट, कांदोळी, ताळगाव ही त्यातलीच, आणि मी राहते त्या पर्वरीच्या पठारावर पसरलेली सुकूर आणि पेन्ह द फ्रान्स ही गावेसुद्धा. पर्वरीत विधानसभा आहे, सचिवालय आहे, लिफ्टच्या इमारतींची रांग आहे, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने आम्ही ग्रामसभेला जाणारे गावकरी आहोत. (ग्रामसभेला प्रत्यक्षात किती जण जातात, हा वेगळा आणि दुखरा विषय.)

या कागदी गावपणाचे पाण्यावर होणारे परिणाम अगदी मोजून दाखवता येतात. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशन माणशी रोज 55 लिटरचे माप धरते. शहरांसाठी केंद्राच्या नियमावलीतले माप 135 लिटरचे आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्व ग्रामीण घरांना नळजोडणी देणारे देशातील पहिले राज्य म्हणून गोव्याचा गौरव झाला आणि तो रास्तही होता, कारण दुर्गम वाड्यांपर्यंत नळ नेणे सोपे नव्हते. पण नळ असणे आणि चौथ्या मजल्यावरच्या नळाला मे महिन्यात पाणी असणे यांत जे अंतर आहे, ते त्या मोजणीत येत नाही. उलट, ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 योजनेत नेमका हवा तो हिशेब मागितला आहे: प्रत्येक शहराने आपला जल संतुलन आराखडा करावा, महसूल न देणारे, म्हणजे गळणारे किंवा बिलात न येणारे, पाणी 20 टक्क्यांच्या खाली आणावे, एकूण मागणीच्या किमान 20 टक्के भाग पुनर्वापराच्या पाण्यातून भागवावा. ही योजना वैधानिक, म्हणजे नगरपालिका किंवा महापालिका असलेल्या, शहरांसाठी आहे. म्हणजे पणजी, म्हापसा, मडगाव यांना हिशेब मांडावा लागतो आणि त्यांच्या कुंपणाला लागून वाढलेल्या, कित्येकदा त्यांच्याहून वेगाने वाढणाऱ्या वस्त्यांना तो मांडावा लागत नाही. पर्वरीच्या वाट्याला गावाचे माप आणि शहराची तहान आली आहे.

बरे, 14 वैधानिक शहरांकडे तरी पाण्याचा कारभार आहे का? 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदवले. गोव्यात मात्र ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिले आणि अलीकडे पेयजलासाठी वेगळे खाते निघाले. सांडपाण्याच्या नव्या योजनांसाठी महामंडळ आहे. धरणे, कालवे, बंधारे आणि भूजल हा जलस्रोत खात्याचा विषय. बांधकामाची तांत्रिक परवानगी नगरनियोजन खात्याची, परवाना पंचायतीचा. एकच थेंब ढगातून खाली आल्यापासून खाडीत जाईपर्यंत इतक्या कचेऱ्यांच्या ताब्यातून जातो आणि कोणीही त्याला पुढच्या कचेरीपर्यंत पोचवण्याची जबाबदारी घेत नाही.

पाऊस साठवा, असा उपदेश आपण सारे ऐकत आलो आहोत. छपरावरचे पाणी साठवण्यासाठी जलस्रोत खात्याची अनुदान योजनाही आहे. हिशेब करून पाहू. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. गळती-उडती वजा जाता दोन लाख चाळीस हजार लिटर धरा. चार माणसांच्या घराला 135 लिटरच्या मापाने वर्षाला सुमारे 1,97,000 लिटर पाणी लागते. कागदावर प्रश्न मिटला. पण पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि उरलेल्या आठ महिन्यांसाठी सुमारे 1,31,000 लिटर साठवायचे तर त्या टाकीला एखाद्या बऱ्यापैकी घराच्या दिवाणखान्याएवढी जागा लागेल. शिवाय सात मजली इमारतीत एका छपराखाली अठ्ठावीस कुटुंबे असतात. तमिळनाडूने 2003 मध्ये पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले तेव्हा भर टाक्यांपेक्षा जमिनीत पाणी मुरवण्यावर होता. गोव्यात आठ महिन्यांचे पाणी साठवण्याएवढी एकच टाकी आहे, ती म्हणजे आपण ज्यावर उभे आहोत तो सडा, जांभ्या दगडाचे पठार.

जांभ्याचा सडा उन्हाळ्यात इतका उजाड आणि काळपट दिसतो की तो पडीक आहे असे कोणालाही वाटावे. पण तो सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सावकाश सरकत उताराच्या पायथ्याशी झरींतून बाहेर येते. त्या झरींच्या आधाराने तळी, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आणि वायंगण (पावसाळ्यानंतरची) शेती उभी राहिली. वेर्ण्याच्या पठाराखालची केसरव्हाळची झर प्रसिद्ध आहे. पणजीतसुद्धा आल्तिनोच्या टेकडीखालच्या झरींवर जुन्या वस्तीची तहान भागत असे, आणि फोंताइन्हास या नावाच्या मुळाशीही तिथला झराच आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक इमारत उभी राहत होती. दोन मजली तळघरासाठी जांभा कापून काढला होता, आणि कापलेल्या भिंतीत ठेंगण्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर एक ओली रेघ स्पष्ट दिसत असे. रेघेच्या वर दगड तांबूस आणि कोरडा, खाली गडद आणि घामेजलेला. जुलैपासून तिथे रात्रंदिवस पंप चालू असे आणि निळ्या पाइपातून काचेसारखे नितळ पाणी रस्त्याकडेच्या गटारात पडत असे. ते सड्याने साठवलेले पाणी होते. इमारत पुरी झाल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये तिच्या फाटकाशी टँकर लागला. यात बेकायदा म्हणावे असे बहुधा काहीच नव्हते, आणि मला हीच गोष्ट अधिक गंभीर वाटते. कारण बेकायदा असते तर निदान तक्रार करता आली असती. तळघर खणण्याच्या परवान्यात पाझराचे पाणी पुनर्भरण विहिरीतून पुन्हा जमिनीत सोडण्याची अट घालणे, आणि ते शक्य नसेल तर त्या जागी तळघरच नाकारणे, ही धोरणाची पहिली पायरी ठरावी. दुसरी याहून अवघड आहे. नगरनियोजन कायद्याच्या कलम 17(2) आणि 39अ खाली होणाऱ्या भूरूपांतरांवर, म्हणजे आराखड्यातला जमिनीचा वापर बदलण्यावर, गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो हिरवाई आणि डोंगरकापणी यांच्या भाषेत चालतो. मोकळ्या सड्याचे रूपांतर हा पाणीपुरवठ्याचा निर्णय आहे असे समजून त्या प्रत्येक प्रस्तावाला भूजलाचा अहवाल जोडलेला असावा, आणि तो खालच्या गावाच्या ग्रामसभेपुढेही ठेवला जावा, कारण झरी आटतात त्या खालच्या गावात.

आता नळाकडे वळू. आमच्या भागात पाणी सोडणारा जो कर्मचारी आहे, तो पहाटे स्कूटरवरून येतो, फूटपाथवरचे लोखंडी झाकण उचलतो, इंग्रजी टी अक्षरासारखी लांब चावी आत घालतो आणि मोजून फेरे देतो. फेऱ्यांची संख्या त्याच्या डोक्यात असते. कोणत्या दिवशी किती, सणाला किती, पाणी आणणारा तिळारी धरणाचा कालवा फुटला की किती, हे सारे कुठेही लिहिलेले नाही. एकदा मी त्याला पाणी का कमी येते असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “बाय, पाणी कमी नाही. खालचे सगळे पंप लावून ओढतात, वर चढायला दाबच उरत नाही.” एका वाक्यात त्याने आमच्या पाणीपुरवठ्याचे जे निदान केले, ते मला कोणत्याही अहवालात सापडले नसते. तो निवृत्त झाला की ही विद्याही जाईल.

ठरावीक तास पाणी सोडण्याच्या पद्धतीत दोष एवढाच नाही. वाहिनी रिकामी झाली की तिच्या भेगांतून बाहेरचे गढूळ पाणी आत ओढले जाते. जिथे मलवाहिनी शेजारून जाते तिथे याचा अर्थ काय, हे सांगायला नको. घरोघर लोक टाक्या, पिंपे भरून ठेवतात आणि नवे पाणी आले की कालचे शिळे म्हणून ओतून देतात. चोवीस तास पाणी दिले तर लोक उधळतील ही भीती म्हणूनच फसवी आहे. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर आणि टप्प्याटप्प्याने वाढणारा दर यांच्या जोरावर चोवीस तास पाणी देऊन दाखवले. ओडिशातील पुरी शहरात 2021 पासून नळाचे पाणी थेट पिता येते. दोन्ही ठिकाणी आधी मोजणी झाली, मग पाणी वाढले. शहराचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येकाच्या तोंडाशी मीटर बसवायचा आणि रात्री दोन ते चार या वेळेत, जेव्हा सारे गाव झोपलेले असते, तेव्हा किती पाणी वाहते ते पाहायचे. त्या वेळी वाहणारे पाणी बहुतांशी गळतीच असते. याला धरण लागत नाही आणि कोणत्याही शेजारी राज्याची संमतीही लागत नाही.

दराचा प्रश्न आला की आपल्याकडे आवाज चढतात. 1 सप्टेंबर 2021 पासून गोवा सरकारने महिना 16 घनमीटरपर्यंत घरगुती पाणी मोफत देण्याची योजना आणली. चार माणसे, 135 लिटर, तीस दिवस हा गुणाकार 16,200 लिटर येतो, म्हणजे तो आकडा हवेतून काढलेला नव्हता. गरजेपुरते पाणी मोफत असावे की नाममात्र दराचे, यावर मतभेद असू शकतात. मी स्वतः नाममात्र दराच्या बाजूची आहे, कारण बिल येते तिथे मीटर चालू ठेवावा लागतो. पण खरी कसोटी वरच्या टप्प्यांची आहे. दहा-पंधरा खोल्यांचे अतिथिगृह घरगुती जोडणीवर चालते, पोहण्याचा तलाव असलेला बंगला महिन्यातून चार दिवस उघडतो, आणि बागेच्या हिरवळीला पिण्याचे पाणी मारले जाते. पंधरा लाखांच्या राज्यात वर्षाला येणाऱ्या पर्यटकांची संख्या त्याच्या कित्येक पट आहे, आणि त्यांची गर्दी नेमकी कोरड्या महिन्यांत असते. मग व्यापारी जोडण्यांचा दर ऑक्टोबर ते मे या काळात वेगळा, चढा का नसावा? हॉटेलांच्या खोल्यांचे भाडे हंगामानुसार बदलते तेव्हा कोणाची तक्रार नसते.

टँकर हा तर हिशेबाबाहेरचा सर्वांत मोठा प्रवाह. गोवा भूजल नियमन कायदा 2002 सालचा आहे. विहिरींची नोंदणी, कूपनलिकेसाठी परवानगी, पाण्याच्या वाहतुकीवर नियंत्रण ही सारी तरतूद त्यात आहे. त्यामुळे नव्या कायद्याची मागणी करणाऱ्यांना मी नेहमी जुना वाचायला सांगते. उणीव आहे ती उघड नोंदींची. कोणत्या विहिरीवर किती टँकर भरले, ते कुठे रिते झाले, हे रोज लिहिले गेले आणि पंचायतीच्या फलकावर लागले, तर शेतातल्या विहिरीचे पाणी सड्यावरच्या इमारतीत कसे चढते ते सगळ्यांना दिसेल. हॉटेलच्या परवान्याचे नूतनीकरण करताना वर्षभराची टँकरची बिले मागितली तरी अर्धे काम होईल.

जून उजाडला की हीच पणजी पाण्यात जाते. अठरा जून रस्ता, मळा, पाटोचा परिसर, दरवर्षी तीच छायाचित्रे. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की मांडवीत पाणी सोडायला वाट उरत नाही. आपल्या पूर्वजांनी खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांत, याची सोय मानशीने केली होती. बांधात बसवलेल्या चौकटीला वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ती आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी रेटते तेव्हा उघडते. वीज नाही, मोटार नाही. पण मला मानशीच्या यंत्रापेक्षा तिचे अर्थकारण अधिक शिकण्यासारखे वाटते. मानशीवरच्या मासळीचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची. दुरुस्तीचा निधी राजधानीच्या मंजुरीची वाट पाहत नसे. तो त्याच पाण्यातून निघत असे, आणि बांध फुटला तर कोणाला जाब विचारायचा हे गावकारीतील, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेतील, प्रत्येकाला ठाऊक असे. ती व्यवस्था आदर्श नव्हती, तिच्यात कोणाला जागा होती आणि कोणाला नव्हती हे आपण जाणतो. तरीही पैसा, जबाबदारी आणि पाणी एका ठिकाणी ठेवण्याचे तिचे तत्त्व आजच्या जलनियोजनात कुठेच उरलेले नाही. भराव घातलेल्या खाजनांवर उभ्या राहिलेल्या वस्तीला आता पंपांवर भिस्त ठेवावी लागते आणि पंप बंद पडला की निविदा काढावी लागते.

सांडपाण्याबाबत थोडक्यातच लिहिते. टोंक येथील प्रकल्पात पणजीचे सांडपाणी शुद्ध होते आणि सांतिनेजच्या खाडीमार्गे मांडवीला मिळते. नागपूर आपले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देते, सुरत पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकते, चेन्नईने 2019 मध्ये उद्योगांसाठी असे दोन प्रकल्प सुरू केले. पणजीला कारखाने नाहीत, पण बांधकामे, उद्याने, दुभाजकांवरची झाडे आणि हॉटेलांच्या हिरवळी आहेत. बांधकामाला पिण्याचे किंवा विहिरीचे पाणी वापरण्यास बंदी आणि टोंकचे पाणी ठरावीक दराने टँकरने पोचवणे, एवढा एक नियम केला तरी टँकरवाल्यांचा धंदाही बुडत नाही आणि विहिरीही वाचतात.

आणि म्हादई, म्हणजे मांडवीच. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय गोव्यात पाण्यावरचा लेख पुरा होत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये पाणीवाटपाच्या लवादाने कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), महाराष्ट्राला 1.33 आणि गोव्याला 24 टीएमसी पाणी दिले. त्यावरची लढाई अद्याप संपलेली नाही आणि ती लढलीच पाहिजे, कारण ओपाला पाणी देणारी खांडेपार नदी याच खोऱ्यातली आहे. पणजीचा नळ म्हणजे म्हादईच आहे. पण ज्या राज्याला आपल्या राजधानीत किती पाणी गळते हे सांगता येत नाही, त्याने थेंबाथेंबासाठी न्यायालयात उभे राहावे, तेव्हा समोरचा वकील पहिला प्रश्न कोणता विचारील, याचा विचार आपण घरात बसून केलेला बरा.

हा हिशेब कोणी ठेवायचा? माझे उत्तर असे की तो पठारागणिक ठेवावा. पर्वरीचा सडा, त्याच्या उतारावरची आणि पायथ्याची गावे असा एक घटक. त्यात दोन-तीन पंचायती येतील, एखादी नगरपालिकाही येईल. दर वर्षी मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या विहिरींची पातळी, मुख्य वाहिन्यांवरचे मीटर, टँकरच्या नोंदी आणि सांडपाण्याचे आकडे एकत्र मांडून सर्व ग्रामसभांपुढे ठेवायचे, आणि त्या वर्षी किती नवी बांधकामे पेलवतील हे त्यावरून ठरवायचे. नवे मंडळ, नवा अध्यक्ष, नवी गाडी यांची मला मुळीच हौस नाही. आहेत त्याच खात्यांच्या अधिकाऱ्यांना वर्षातून दोनदा एका टेबलाशी बसण्याची कायदेशीर सक्ती पुरेशी आहे.

गेल्या ग्रामसभेत मी या धर्तीवर एक लेखी अर्ज दिला. त्यात विचारले आहे की आमच्या हद्दीत नोंदणी झालेल्या विहिरी आणि कूपनलिका किती व त्यांपैकी टँकर भरण्याची परवानगी कोणत्यांना आहे. हद्दीत शिरणाऱ्या जलवाहिनीवर मीटर आहे का आणि असल्यास गेल्या बारा महिन्यांचे आकडे काय. आणि तळघरासह मंजूर झालेल्या इमारतींतील पाझराच्या पाण्याची व्यवस्था कोणी तपासली. पहिला प्रश्न जलस्रोत खात्याचा, दुसरा पेयजल खात्याचा आणि तिसरा नगरनियोजनाचा असल्याने अर्ज तिकडे पाठवावा लागेल, असे सचिवांनी नम्रपणे सांगितले. मी तिन्ही खात्यांसाठी प्रती दिल्या आणि चौथी पंचायतीच्याच दप्तरी ठेवून तिची पोच द्यावी असा आग्रह धरला. पोच मिळाली आहे. तो अर्ज पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून सह्या गोळा करणे सध्या चालू आहे, आणि आमच्या सोसायटीपेक्षा खालच्या वाड्यावरच्या, जिथे मार्चमध्येच विहिरींचा तळ दिसू लागतो, त्या घरांतून सह्या अधिक आल्या आहेत.